तलवारी पानांचे मुनवे

५ जानेवारी

ही डायरी रोवेनाने दिली. रोवेना म्हणजे आमची सून. म्हणाली, "मम्मी, तुम्ही दिवसभर केळींशी बोलता, शेजारी ऐकतात. त्यापेक्षा लिहीत जा ना." सासूचं तोंड बंद करायला आता डायरी देतात वाटतं. असो. दिलेली वस्तू टाकून देणाऱ्यांतली मी नाही.

पहिल्या पानावर जागा होती म्हणून लिहिलं: प्रिस्का तुस्कानो, वय चौसष्ट, मुक्काम निर्मळ. पुढे 'व्यवसाय' असं छापलंय. माझा मुलगा ज्युड म्हणाला, गृहिणी लिही. मी लिहिलं, राजेळी.

नव्या बिल्डिंगांतल्या लोकांना राजेळी म्हणजे काय ते सांगत बसावं लागतं. लांब, जाड सालीची केळी. पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची, मग तिची सुकेळी होतात. मधासारखी गोड, वर्षभर टिकतात. पूर्वी घरटी राजेळी होती. झाड उंच, वाऱ्याला पडतं, घड यायला वेळ लागतो, म्हणून एकेकाने काढून टाकली. आता आमच्या बाजूला एक माझी वाडी उरली, आणि राजोडीला माझ्या धाकट्या बहिणीकडे, अँजेलिनाकडे, विहिरीमागे केळींचं एक बेट. ते आमच्या आयने लावलेलं. बाकी कुणाकडे असली तर माझ्या कानावर आलेली नाही.

आज मातेची केळ बघून बरं वाटलं. सप्टेंबरात आम्ही पॅरिशच्या बायका वेलांकणीला गेलो होतो, तेव्हा लॉजच्या मागे केळी होत्या. मालकिणीकडून हातवारे करून एक मुनवा, बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, मागून घेतला. ओल्या गोणपाटात बांधून गाडीत बाकाखाली ठेवून आणला, आणि राजेळीच्या मधोमध लावला. आशीर्वाद सगळ्यांना सारखा पोचू दे. छान जगला. उंची घेत नाही अजून, पण पानं बघावीत! बाकीच्या केळींसारखी फाकत नाहीत. सगळी एकत्र, ताठ, आभाळाकडे. जोडलेले हातच जणू. रोवेनाने फोटो काढून बायकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी आमेन आमेन केलं.

१९ जानेवारी

व्हिक्टरशी वाजलं. व्हिक्टर माझा दीर, कुंपणापलीकडची वाडी त्याची. दोन वर्षांपूर्वी त्याने लॅबमधली रोपं आणून लावली, पिशवीतली, सगळी एका मापाची. मी तेव्हाच म्हटलं होतं, ज्या केळीला आई नाही तिचा काय भरवसा. आज त्याच्या दोन केळींची पानं पिवळी पडून आखडलेली दिसली. मी कुंपणावरून म्हटलं, "बघ, आली का तुझी लॅब अंगावर?"

तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या पण एका केळीचं पान बघा, माझ्या बाजूची."

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या केळीला काही झालेलं नाही. थंडीने पान आखडतं कधीकधी.

१६ फेब्रुवारी

सुनेला मुनवा निवडायला शिकवलं. स्वतःहून म्हणाली, "मम्मी, मला शिकवा." मला रडूच आलं, पण तिला दाखवलं नाही.

मुनवे दोन तऱ्हेचे. एकाची पानं लहानपणीच रुंद, पसरट. दिसायला गोंडस, पण आत दम नसतो. माझी सासू म्हणायची, रुंद पानाचा मुनवा म्हणजे गोडबोल्या जावई. दुसऱ्याची पानं अरुंद, ताठ, तलवारीसारखी. तो घ्यायचा. कंद खणून काढायचा, मुळं तासायची, कंदावर काळा डाग किंवा किड्याचं भोक दिसलं तर फेकायचा. मग शेणाच्या काल्यात बुडवून, राख लावून सावलीत सुकवायचा. हे सगळं मी करते, माझ्या सासूने केलं, तिच्या सासूने केलं. कधी मुनवा फुकट गेला नाही.

आणि यंदा तर बघायलाच नको. तलवारी मुनवेच मुनवे! रुंद पानाचा शोधून सापडेना. मातेच्या केळीच्या आजूबाजूला तर रांग लागलीय. रोवेना म्हणाली, "सगळेच चांगले कसे काय मम्मी?" म्हटलं, श्रद्धा ठेव.

२७ फेब्रुवारी

व्हिक्टरने कृषी खात्यातली मुलगी बोलावली. उन्नती नाव. साताऱ्याकडची, बोलणं तोडून टाकणारं, पण नमस्कार केला. त्याच्या वाडीत फिरली आणि म्हणाली, हा पर्णगुच्छ. मी कुंपणाशी उभी राहून ऐकलं. पानं बारीक होतात, उभी राहतात, शेंड्याला गोळा होतात. देठावर गडद हिरव्या तुटक रेघा येतात. घड धरत नाही. मावा ह्या झाडावरून त्या झाडावर नेतो आणि मुनव्यातून पुढच्या पिढीत जातो. याला औषध नाही. आधी फवारून मावा मारायचा, मग कंदासकट सगळं खणून काढायचं.

औषध नाही म्हणे! औषध ठाऊक नसलं की माणूस औषध नाही म्हणतो.

"काकू, तुमची पण वाडी बघू का?" तिने विचारलं.

"माझ्या वाडीत बघण्यासारखं काही नाही, बाई. जुनी झाडं आहेत," मी म्हटलं.

ती गेल्यावर व्हिक्टर कुंपणाशी आला. "वहिनी, ती वेलांकणीची केळ कुठे लावली तुम्ही?" असं विचारलं. आता ह्याचं काय? स्वतःची बुडाली की दुसऱ्याच्या आशीर्वादावर डोळा. मी पाठ फिरवून घरात आले.

१४ मार्च

व्हिक्टरने सगळी केळ काढली. दोन माणसं लावून सकाळपासून खणत होता. चांगली हिरवीगार झाडंसुद्धा. मला बघवलं नाही. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं कुणी अशी काढतं? कुणीतरी शहरातली पोरगी येऊन सांगते आणि हा पहार घेतो. त्याच्या बापाने हे केलं नसतं.

संध्याकाळी भाकरी नेऊन दिली त्याला. बसून खाल्ली.

६ एप्रिल

तीन केळींचा घड गळ्यात अडकलाय. केळफूल बाहेर यायला बघतं आणि येत नाही. झाड गुदमरल्यासारखं दिसतं. कळली मला गोष्ट. व्हिक्टरचं दुखणं कुंपण ओलांडून आलं.

उपाय सुरू केले. बुंध्याशी राख टाकली, कडुनिंबाचा पाला उकळून पाणी ओतलं, कोळणीकडून मासळी धुतलेलं पाणी आणून घातलं. बुंध्यावर मुंग्यांची रांग आहे, वर जाते, खाली येते. मुंग्या असू देत. मुंगी गोडावर येते, म्हणजे झाडात अजून रस आहे.

व्हिक्टरवर एवढा राग आहे की देवळात शांतीची खूण करताना त्याचा हात धरला नाही. फादरनी बघितलं.

३ मे

यंदा सुकेळी एकाच चटईची झाली. दरवर्षी अंगण भरतं. मी एकटीने सोलली, एकटीने उलटली, रोवेनाला पण हात लावू दिला नाही. चव तीच. ज्युडने एक खाल्लं आणि म्हणाला, "मम्मी, लोकांना विकू नकोस, घरीच ठेव." तो असं कधी बोलत नाही. मला भीती वाटली.

वाडीत आता निम्म्या बेटांची पानं वर गोळा झालीत. रात्री झोप लागत नाही. राजेळी माझ्या हातून गेली तर मी सासूला वर जाऊन काय तोंड दाखवू?

२९ मे

वाट सापडली. एवढं साधं कसं सुचलं नाही?

बी एका घरात ठेवू नये, हे आमच्याकडे लहान पोरालापण ठाऊक असतं. सासूच्या तरुणपणी एकदा उधाणाचं पाणी वाड्यांमध्ये शिरलं, सगळी केळ खारवून मेली. मग राजेळी परत कुठून आली? तिच्या माहेराहून. माहेरी कशी होती? तर लग्नानंतर तिनेच चार मुनवे भावाला नेऊन दिले होते. बी दहा घरी असलं तर एका घरी आग लागली तरी राहतं.

तेच करायचं. इथलं दुखणं इथेच मरू दे. राजेळी आपली बाहेर काढते. ज्यांची वाडी आहे आणि ज्यांचा हात चांगला आहे अशा प्रत्येकीला देईन. रोवेना म्हणाली, "मम्मी, ती मॅडम म्हणाल्या होत्या मुनव्यातून..." मी म्हटलं, मी काय डोळे मिटून देणार आहे? एकेक कंद तासून बघीन. रुंद पानाचा एकही घेणार नाही.

११ जून

आठ दिवस कंबर मोडली. पण मन हलकं झालं.

फक्त तलवारी घेतले. अरुंद, ताठ, काळपट हिरवे. कंद पांढरे स्वच्छ, एका पण कंदाला भोक नाही. शेण-राख लावली. गोणीत घालून ज्युडच्या गाडीतून फिरलो. गासला, सत्पाळ्याला, आगाशीला, कळंबला ज्युलिएटकडे. ज्युलिएट माझ्या मामेबहिणीची मुलगी, वाडीत राबणारी पोर. तिने तर मुनवे हातात घेऊन कपाळाला लावले. म्हणाली, "मावशी, तुमच्या हातची राजेळी माझ्याकडे! सांभाळीन मी." सगळ्यांनी घेतले. कुणी नाही म्हणालं नाही. अशी माणसं आहेत अजून, बरं वाटलं.

शेवटी राजोडीला अँजेलिनाकडे. तिचा नवरा बोटीवर होता, चार वर्षांपूर्वी गेला, पोरं परदेशात. शनिवार-रविवार समोरच्या कॉटेजवाल्यांना जेवण करून देते. आमच्यात लहानपणापासून थोडं आहेच. तिला वाटतं मी ताई म्हणून हुकूम सोडते. सोडते. कुणीतरी सोडायला हवा.

"माझ्याकडे आयचं बेट हाय ना. तुझे कशाला?" ती म्हणाली.

"एकाला दोन असावेत. माझं काही झालं तर?"

"मग पुढे अंगनात लाव. आयच्या बेटाजवळ नको. तिथे मी कोनाला जाऊ देत नाय."

अंगणात कॉटेजवाल्यांच्या गाड्या लागतात, तिथे केळ काय जगणार? पाणी विहिरीमागेच आहे. मी तिचं ऐकलं नाही. स्वतः खड्डे केले, आयच्या बेटाला लागून चार मुनवे लावले. ती दारात हाताची घडी घालून उभी होती. "तुझंच खरं कर," म्हणाली. चहा मात्र दिला.

घरी येऊन शांत झोपले.

२४ जुलै

सगळीकडून फोन. सगळे मुनवे लागले. गासचा, आगाशीचा, कळंबचा. अँजेलिनाचापण आला, "लागले तुझे हट्टी मुनवे" म्हणाली.

माझ्या वाडीत मात्र आता बघायला नको. राजेळीचं एकेक बेट वाळत चाललंय. मातेच्या केळीने घड काही दिला नाही, ती पण बसली. मी रडले नाही. बी बाहेर आहे. एक वर्ष जमीन मोकळी ठेवायची, मग परत आणायची. व्हिक्टरला कुंपणावरून म्हटलं, "तू उपटून टाकलीस, मी वाचवली."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कुठे कुठे दिलीत वहिनी?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. हेवा असणार.

७ सप्टेंबर

उद्या मातेचा सण. आज ज्युलिएटने फोटो पाठवला. रोवेनाने मोठा करून दाखवला. केळ छातीएवढी झालीय. खाली लिहिलंय, "मावशी, बघा, पानं कशी उभी, हात जोडल्यासारखी! तुमच्या मातेच्या केळीसारखी!" आणि खूप सारी फुलं.

मी फोटोकडे बघत राहिले. ज्युलिएटला मी मातेचा मुनवा दिला नव्हता. राजेळीचा दिला होता. राजेळीची पानं अशी उभी राहत नाहीत. राजेळीचं पान जेवायला वाढायच्या ताटासारखं पसरतं.

रोवेनाला म्हटलं, त्या साताऱ्याच्या मुलीचा नंबर व्हिक्टरकडून घेऊन ये.

९ सप्टेंबर

उन्नती आली होती. ह्या वेळी मीच तिला वाडीत नेलं. तिने एकेक देठ वाकवून दाखवलं. गडद हिरव्या रेघा, काही लांब, काही आखूड, मध्ये तुटलेल्या. एवढी वर्षं केळीत घालवली, मला त्या दिसल्या नव्हत्या. बुंध्याचं सोपट, वरचं साल, सोललं तर आत काळपट माव्याची दाटी, आणि मुंग्या त्यांना सांभाळताहेत.

"सगळ्यात आधी कुठल्या झाडाची पानं अशी उभी झाली, काकू?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं. वाडीच्या मधोमध. ती कुठून आणली, कधी आणली ते रोवेनाने सांगितलं. उन्नतीने वहीत लिहून घेतलं. व्हिक्टर कुंपणापलीकडे उभा होता. त्याच्या ज्या केळी आधी आजारी पडल्या त्या माझ्या बाजूच्या होत्या. त्याची लॅबची रोपं स्वच्छ होती. मीच आणलं हे. त्याची वाडी मी खाल्ली आणि वर त्यालाच शिव्या घातल्या, देवळात हात धरला नाही.

मग मी मुनव्यांचं विचारलं. म्हटलं, मी तलवारी बघून दिले, अरुंद, ताठ पानांचे. ती म्हणाली, "काकू, तुमचा नियम बरोबर आहे. पण हा रोग लागला की मुनव्याचं पान तसंच होतं. अरुंद आणि ताठ."

म्हणजे चांगले असतील ते मी ठेवले आणि आजारी तेवढे निवडून, राख लावून, घरोघर पोचवले.

देवा, माझे हात तोड.

१२ सप्टेंबर

उन्नती म्हणाली, मी प्रत्येकीकडे जाते, तुम्ही त्रास घेऊ नका. मी म्हटलं, नाही. मी दिली, मी काढणार. तिने फवारा कसा मारायचा, कंदाचा तुकडा पण मातीत राहता कामा नये, हे सगळं समजावून दिलं. नवीन स्वच्छ रोपं मिळतील का विचारलं. राजेळीची? ती म्हणाली, बघते, पण आपल्या ह्या जातीची लॅबमध्ये कुणी ठेवली असेल असं वाटत नाही.

माझ्या वाडीतली आधी काढली. व्हिक्टर पहार घेऊन आला, न बोलावता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "खणा वहिनी, ऊन चढतंय."

२१ सप्टेंबर

गास झालं. सत्पाळा झालं, आगाशी झालं. माणसं काही बोलत नाहीत हेच वाईट. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गासच्या म्हातारीने फक्त विचारलं, "आमची आधीची केळ पण काढायची का?" तिच्या परसात वेलची केळ होती, बाजूला. तिला पण लागण झालीय. हो म्हटलं. तिने कोयता आणून दिला.

५ ऑक्टोबर

कळंब. ज्युलिएट धाय मोकलून रडली. मी तिला जवळ घेतलं, पण काय सांगणार? "मी सांभाळली होती ना मावशी नीट? माझं काय चुकलं?" हे ती विचारत होती. तिचं काहीच चुकलं नाही. मी खणत होते आणि ती माती लोटत होती. एक लहान मुनवा तिने बाजूला ठेवलेला दिसला, टोपलीखाली. मी तो घेऊन कापला. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचं पोर उचललंय.

१९ ऑक्टोबर

राजोडी मी शेवटी ठेवली होती. धीर नव्हता. फोनवर अँजेलिनाला सांगितलं नव्हतं. व्हिक्टर गाडी घेऊन आला.

विहिरीमागे गेलो. माझे चार मुनवे गोळा होऊन उभे होते. आयचं बेट मोठं, दाट, लांबून अगदी ठीक. मी गुडघे टेकून देठ बघितले. माझ्या मुनव्यांकडच्या बाजूला दोन झाडांना रेघा. पलीकडच्या बाजूला काही दिसत नव्हतं. व्हिक्टरने उन्नतीला फोन लावला. ती म्हणाली, बेट एकच असतं, कंद आतून जोडलेले. एका बाजूला दिसलं म्हणजे सगळ्याला आहे, फक्त अजून दिसत नाही. ठेवू नका.

अँजेलिना मागे उभी होती. मी सगळं सांगितलं. वेलांकणीपासून.

ती आयच्या बेटाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं अंगनात लाव."

"हो."

"तू माझं कधी ऐकलं नायस. लहानपनापासून. आय गेली तेव्हा पन तूच ठरवलंस कुठली साडी नेसवायची."

"हो अँजेला."

"ह्या बेटाच्या पानावर आयने शेवटचा भात खाल्ला. ठाऊक हाय तुला? तुला कसं ठाऊक असेल. तू नव्हतीस."

मी तिच्या पाया पडायला वाकले. तिने मला धरून उभं केलं, जोरात, दंड दुखला. "आता काढ," ती म्हणाली. "मी बघनार नाय. उद्या ये. आजची रात्र राहू दे तिला."

व्हिक्टर नको म्हणत होता. मी हो म्हटलं. एक रात्र कशी नाकारू? तिचं एवढं तरी ऐकायला हवं होतं.

२० ऑक्टोबर

काढलं आयचं बेट. दिवस गेला. अँजेलिना घरात दार लावून होती, बाहेर आली नाही. पाणी मागितलं तर खिडकीतून दिलं. कंद एवढे मोठे की व्हिक्टरला तीन वेळा बसावं लागलं. सगळं गाडीत घालून आणून इथे जाळलं. ओला गाभा जळत नाही, नुसता धुमसतो. डोळे अजून झोंबताहेत.

राजेळी संपली. आमच्या बाजूची तरी. माझ्या हाताने.

२ नोव्हेंबर

सर्व मृतांचा दिवस. सासूच्या कबरीवर मेणबत्ती लावली. आयच्या पण. दोघींना सांगितलं. अँजेलिना आली नव्हती, फोन उचलत नाही. रोवेनाने तिथे माझा हात धरून ठेवला होता, ती पोर चांगली आहे.

उन्नतीचा निरोप आला: दोन वर्षं कुणीही मुनवा लावू नये, कुठूनही आणू नये. आसपास एक जरी आजारी झाड राहिलं तर मावा परत घेऊन येईल. पण सगळं खरंच निघालं असेल, तर कुठे बाहेरगावी कुणाकडे राजेळी सापडल्यास ती तपासून, स्वच्छ करून परत लावता येईल. ती शोधतेय म्हणाली. घाटावर, कोकणात. एवढी आशा आहे. मी देवाकडे एवढंच मागितलं, की काही राहिलं नसू दे. राजेळी राहू दे असं आयुष्यभर मागितलं, आता राहिली नसू दे म्हणून मागते.

२१ डिसेंबर

आज अँजेलिना आली. एकटी, रिक्षाने, डब्यात नाताळच्या गोड नेवऱ्या घेऊन. मी दार उघडलं आणि दोघी तशाच उभ्या. मग तीच म्हणाली, "आत घेशील की नाय?" आणि आम्ही दोघी रडलो, दारातच, रोवेनाने चहा आणेपर्यंत.

नाताळापूर्वी मनातलं काढायचं म्हणून आलेय, म्हणाली. फादरकडे कन्फेशनला गेली होती, फादर म्हणाले बहिणीकडे जा. माझा हात हातात घेऊन बसली. किती वर्षांनी! एवढी प्रेमाने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. म्हणाली, "मला तुझा राग नाय आता. तू पन राजेळीसाठीच केलंस. मला कळलं ते. मी पन तेच केलं."

"तू काय केलंस?"

तिचा चेहरा उजळला. आमच्या आयचं हसू आहे तिच्याकडे. "त्या रात्री. पलीकडच्या बाजूचे मुनवे काढले, जिथे रेघ नव्हती. चांगले बघून काढले, तूच शिकवलेलं, अरुंद पानाचे. राख लावली. सकाळी तू यायच्या आत पोचवले. सगळे लागले, प्रिस्का! कालच बघून आले. आयची राजेळी हाय. तू रडू नकोस आता."

माझ्या हातातला कप रोवेनाने काढून घेतला. मी अँजेलिनाला उन्नती काय म्हणाली ते परत सांगितलं. बेट एकच असतं. रेघ नंतर दिसते. तिने ऐकून घेतलं, आजारी माणसाचं ऐकतात तसं, मान हलवत. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"कुणाकडे दिलेस अँजेला? किती घरी?"

"हायत. चांगली मानसं हायत."

"नाव सांग. मी हात जोडते."

ती उठली. पदर सारखा केला, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुला नाय सांगनार. तू खनशील."